अमेरिकी विद्यापीठात अर्ज: आर्थिक मदत पहिल्याच फेरीत मागा

‘आधी प्रवेश मिळू दे, पैशांचं मग बघू’ हा हिशेब इथे अंगाशी येतो. स्टॅनफर्डमध्ये परदेशी विद्यार्थ्याने पदवीच्या प्रवेशअर्जातच मदत मागितली नाही, तर पुढची चारही वर्षं ती मिळत नाही. मागितली की निवड करताना ती मागणीही विचारात घेतली जाते, हेही खरं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट इथे मात्र मदत मागितल्याचा निवडीवर परिणाम होत नाही. तिथे बिनधास्त मागा.

फाफसाच्या (अमेरिकी सरकारच्या मदतीसाठीच्या अर्जाच्या) मागे लागू नका, ती मदत परदेशी विद्यार्थ्यांसाठी नाही. बऱ्याच ठिकाणी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या आर्थिक स्थितीची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म लागतो. त्यात रकमा रुपयांतच भरा. चलन रुपये निवडून आकडे डॉलरचे लिहिले, तर उत्पन्न कितीतरी पटींनी कमी दिसतं. आयकर विवरणपत्र, फॉर्म १६ आणि शेती असल्यास सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर आधीच तयार ठेवा.