कॉम्प्युटरचे चार पार्ट एकदम बदलताय? या चुका टाळा

पुण्यात टापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन चकरा होतात, ऑनलाइन सेलची वाट बघून होते आणि प्रोसेसर, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड सगळं एकाच आठवड्यात घरी येतं. त्याच रात्री सगळं उघडून एकदम बसवलं जातं. बटण दाबल्यावर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. दोष नेमका कशात आहे, हे आता कोण सांगणार? चारही पार्ट नवे, म्हणजे चारही संशयित.

खरेदी एकदम करा, त्यात काही गैर नाही. बसवा मात्र एकेक. एक पार्ट बदलला की मशीन चालू करा, अर्धा तास वापरा, मगच पुढच्या खोक्याला हात लावा. यात एक संध्याकाळ जास्त जाते. ती वाचवणारे पुढे आठवडा घालवतात. हे सगळं पार्ट बदलून मिळण्याची मुदत संपण्याआधी उरका. खोकं महिनाभर कपाटात ठेवून मग उघडणं, हीसुद्धा एक चूकच.

जुना प्रोसेसर काढला, बायोस तसाच

ही चूक सर्वांत जास्त दिसते आणि सर्वांत सहज टळण्यासारखी आहे. २०१८-१९ मध्ये घेतलेला बी४५० मदरबोर्ड, त्यावर एएमडीचा रायझन ३ २२००जी प्रोसेसर, ही जोडी अजून पुष्कळ घरांत आहे. त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० चालतो. बोर्ड आणि डीडीआर४ रॅम न बदलता इतका फरक पडतो, की कमी बजेटात याहून चांगला सौदा शोधून सापडणार नाही. पण ५६०० बाजारात आला २०२२ मध्ये. २०१८ चा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डमधलं सॉफ्टवेअर, त्याला ओळखतच नाही.

एका विद्यार्थ्याच्या मशीनचं असंच झालं. थंड मशीनचा कूलर सरळ वर ओढला. कूलर आणि प्रोसेसरमधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून वर आला. या बोर्डांच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात. त्यातली कडेची एक ओळ वाकली. जुना प्रोसेसर तर काढायचाच होता, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. नवा बसवला, स्क्रीन काळी. रॅम बदलून आणली, काळीच. ग्राफिक्स कार्ड दुसऱ्याच्या मशीनवर लावून पाहिलं, तिथे व्यवस्थित चाललं. आठ दिवसांनी कळलं, की प्रश्न फक्त बायोसचा आहे. तो अपडेट करायला जुना प्रोसेसर लागतो आणि त्याच्या तर पिना वाकलेल्या. शेवटी दुकानदाराकडचा एक जुना प्रोसेसर तात्पुरता बसवून बायोस टाकला. काम दहा मिनिटांचं निघालं.

म्हणून जुनं मशीन धडधाकट चालू असतानाच बायोस उरकून घ्या. बोर्ड कंपनीच्या साइटवर प्रोसेसर सपोर्टची यादी असते. तिथे तुमच्या प्रोसेसरसमोर लिहिलेली किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या. बोर्डचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन नंबर बोर्डवरच छापलेला असतो, तो अक्षर न् अक्षर जुळवा. काही बोर्डांना मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते, तेही त्याच पानावर लिहिलेलं असतं. फाइल एफएटी३२ प्रकारात फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवा आणि बायोसमधल्याच टूलने अपडेट करा, विंडोजमधून नको. वीज जाण्याची वेळ टाळा. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर ते आधी थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोस किंवा प्रोसेसर बदलला की विंडोज ती की मागू शकतं. ती नसेल तर डेटा गेला.

कूलर काढण्याआधी मशीन पंधरा-वीस मिनिटं चालवा, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग बंद करून, प्लग काढून, स्क्रू तिरक्या जोडीने सैल करा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. नवी पेस्ट तुरीच्या डाळीएवढी पुरते.

आणखी एक: २२००जी मध्ये ग्राफिक्स आहे, ५६०० मध्ये नाही. सवयीने मॉनिटरची केबल बोर्डलाच लावली तर सगळं ठीक असूनही स्क्रीन काळीच दिसेल. केबल कार्डला लावा.

नव्या एसएमपीएसला जुन्या केबल

दुसऱ्या चुकीत पार्ट जळतात, म्हणून तिची जास्त धास्ती बाळगावी. जुना मॉड्युलर एसएमपीएस, म्हणजे केबल सुट्या होणारा वीजपुरवठ्याचा डबा, काढून नवा बसवताना, कॅबिनेटमागे नीट बांधलेल्या केबल सोडायचा कंटाळा येतो. जुन्या केबलचं टोक नव्या एसएमपीएसमध्ये खट्कन बसतंही. बसलं म्हणजे चाललं, असं मात्र नाही. बोर्ड, कार्ड आणि डिस्ककडची टोकं ठरलेल्या मापाची असतात. एसएमपीएसकडच्या टोकात कुठल्या पिनेवर किती व्होल्ट, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. डिस्कला वीज देणाऱ्या साटा केबलच्या ५ व्होल्टच्या तारेवर १२ व्होल्ट गेले की एसएसडी आणि हार्डडिस्क एका क्षणात संपतात. डिस्कचे पैसे पुन्हा जमवता येतात, त्यातले फोटो आणि प्रोजेक्ट परत येत नाहीत. नव्या एसएमपीएससोबत आलेल्याच केबल वापरा. जुन्या त्याच दिवशी जुन्या एसएमपीएसच्या खोक्यात टाका, ड्रॉवरमध्ये सुट्या ठेवू नका.

एसएमपीएस घेताना खोक्यावरचा मोठा आकडा बघू नका, लेबलवर १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. २५ अँपिअर म्हणजे ३०० वॅट, मग वर ४५० छापलेलं असो. आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड एकटं १७० वॅट घेतं आणि त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवलेला आहे. बजेट कमी पडत असेल तर कार्ड एक पायरी खालचं घ्या. एसएमपीएसमध्ये वाचवलेले हजार रुपये इतर सगळे पार्ट पणाला लावतात.

यूपीएसही तपासा. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. ५६००, ३०६०, मॉनिटर आणि बाकीचं धरून गेम चालू असताना त्याच्या जवळपास जाता. वीज गेली की तो बीप करून त्याच क्षणी बंद पडतो आणि दोष नव्या कार्डवर येतो. १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्या.

चार स्लॉटच्या बोर्डवर रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. ३२०० वेगाची रॅम बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू करेपर्यंत बहुधा ३२०० वर धावत नाही. बायोस अपडेटनंतर ती सेटिंग बहुधा पुन्हा बंद झालेली असते.

एम.२, म्हणजे थेट बोर्डवर बसणारी पट्टीसारखी एसएसडी बसवल्यावर हार्डडिस्क दिसेनाशी झाली तर ती मेलेली नाही. अनेक बोर्डांवर एम.२ वापरला की दोन साटा पोर्ट बंद होतात. केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

आरएक्स ६५०० एक्सटी हे ग्राफिक्स कार्ड जुन्या बोर्डावर घेऊ नका. बोर्डशी डेटाची देवाणघेवाण करायला ते फक्त चार लेन (मार्गिका) वापरतं आणि बी४५० च्या जुन्या पीसीआयई ३.० स्लॉटवर त्याचा वेग घटतो.

क्रम असा ठेवा: डेटाचा बॅकअप, बायोस, एसएमपीएस, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, सर्वांत शेवटी प्रोसेसर. रॅम बसवली की मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचा एक पूर्ण फेरा रात्रभर चालू द्या. तरीही स्क्रीन काळी राहिलीच, तर बोर्डवरचा छोटा दिवा प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स की बूट यांपैकी कशापाशी थांबलाय ते बघा. दिवा नसेल तर प्लग काढा, बोर्डवरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवून परत लावा आणि रॅमच्या एकाच पट्टीवर मशीन चालू करून पाहा.