लेहला कामाला निघालात? पहिले सहा दिवस असे काढा

जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 210 मीटरवर, लेह 3,500 मीटरवर. ऑक्सिजन तिथेही 21 टक्केच. पण हवेचा दाब इथल्या दोन-तृतीयांश, म्हणून दर श्वासाला ऑक्सिजनही तेवढाच, म्हणजे एक-तृतीयांश कमी मिळतो. मे महिन्याच्या उन्हात केळीचे घड वाहणारा गडीही तिथे घमेलं उचलताना धापा टाकतो. उन्हाची सवय तिथे कामाची नाही. तोरणमाळला राहून सराव होईल म्हणाल, तर ते 1,150 मीटरच आहे.

पोचल्यापासूनच श्वास आणि नाडी वाढते. जादा श्वासाने कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्त अल्कधर्मी होतं. मग मूत्रपिंड बायकार्बोनेट हा अल्कधर्मी क्षार लघवीवाटे टाकून तोल सावरतं. त्याला दोन-चार दिवस लागतात. लघवी वाढते ती यामुळेच, म्हणून पाणी तोडू नका. नव्या तांबड्या पेशी वाढायला मात्र आठवडे जातात.

सातपुड्याच्या पट्ट्यातल्या गड्यांनी निघण्याआधी सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासून घ्यावं. आजार नसलेल्या वाहकाच्याही प्लीहेला उंचीवर इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली जोरात दुखू लागतं.

पहिले दोन दिवस पूर्ण आराम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर सावकाश चाल, पाचव्या-सहाव्या दिवशी थोडा चढ. काम सातव्या दिवसापासून. लष्कराची पद्धत हीच. 3,600 मीटरच्या वर जायचं तर आणखी चार दिवस, 4,500 च्या वर पुन्हा चार. मुकादमाने हे खाडे धरू नयेत. या दिवसांत दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद. तंबूत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. तिच्या विषारी वायूनेही डोकं दुखतं आणि माणूस उंचीलाच दोष देत बसतो.

डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर वर चढायचं नाही. रोज संध्याकाळी प्रत्येकाला टाचेला बोटं लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावा. झोकांड्या गेल्या तर मेंदूला सूज समजा. बसल्या जागी धाप, खोकला, पुढे गुलाबी फेस, म्हणजे फुफ्फुसात पाणी. दोन्हीत ऑक्सिजन लावा आणि तातडीने खाली उतरवा, रात्र असली तरी. ऑक्सिमीटरवर भिस्त ठेवू नका. गार बोटावर आकडा चुकतो, बोट चोळून गरम करून मगच लावा. लेहला सुरुवातीला 85 ते 90 दिसणं नेहमीचं.

अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी येऊन दहा दिवसांवर राहिलात, तर परतल्यावर चार दिवस पुन्हा काढायचे. महिना उलटला असेल तर पूर्ण सहा. फुफ्फुसात पाणी होण्याचा धोका जुन्या गड्यालाही परतीच्या खेपेला असतो, आणि नेमका तोच पहिल्या दिवशी फावडं हातात घेतो.