असाकुसाचं सेन्सोजी: सकाळी लवकर, सुटे पैसे घेऊन

तोक्योत एकच जुनं बौद्ध देऊळ पाहायला वेळ असेल तर असाकुसा भागातल्या सेन्सोजीला जा, आणि सकाळी आठच्या आत जा. दहानंतर गर्दीच्या रेट्याने पुढे सरकत देवळापर्यंत पोहोचता येतं, पण देऊळ नीट पाहून होत नाही. आवार दिवसरात्र उघडं असतं. मुख्य मंदिर एप्रिल ते सप्टेंबर सकाळी ६ वाजता आणि ऑक्टोबर ते मार्च ६.३० वाजता उघडतं, संध्याकाळी ५ ला बंद होतं. तिकीट नाही. दार उघडताना, मग १० वाजता आणि दुपारी २ वाजता सूत्रपठण होतं. त्यातलं पहिलं चुकवू नये.

उएनोहून गिन्झा या मेट्रो लाइनवर तिसरं स्टेशन असाकुसा. १ नंबरच्या दाराने बाहेर पडा, कामिनारिमोन, म्हणजे देवळाचा बाहेरचा दरवाजा, अगदी जवळ आहे. तोएई असाकुसा लाइनने आलात तर ए४ हे दार. हानेदा आणि नारिता विमानतळांवरून या लाइनवर थेट गाड्या आहेत, मात्र सगळ्याच गाड्या इकडे येत नाहीत. चढण्याआधी पाटी वाचा. हमखास होणाऱ्या चुका दोन. असाकुसाबाशी हे वेगळं स्टेशन आहे, तिथे उतरू नका. आणि त्सुकुबा एक्सप्रेसचं असाकुसा स्टेशन नावाने तेच असलं तरी देवळाच्या पश्चिमेला, बाकीच्या असाकुसा स्टेशनांपासून बरंच लांब आहे. कुणाला भेटायचं ठरवताना लाइनचंही नाव सांगा. मोठ्या बॅगा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका.

कामिनारिमोनचा लाल कंदील ३.९ मीटर उंच आणि सुमारे ७०० किलो वजनाचा. त्याच्या खाली उभं राहून वर पाहा, बुडाला कोरलेला ड्रॅगन दिसेल. उजवीकडे वायुदेव, डावीकडे मेघगर्जनेचा देव. हा दरवाजा १८६५ मध्ये जळाला आणि पुन्हा उभा राहिला थेट १९६० मध्ये, उद्योगपती कोनोसुके मात्सुशिता यांच्या देणगीतून.

पुढची सुमारे २५० मीटरची गल्ली म्हणजे नाकामिसे. सकाळी दुकानं बंद असतात, पण खाली ओढलेल्या शटरांवरची चित्रं तेव्हाच पाहायला मिळतात. खरेदी परतताना करा. चालता चालता खाऊ नका: घेतलं त्याच दुकानासमोर उभं राहून खायचं आणि कागद तिथेच परत द्यायचा, रस्त्यात कचरापेटी सापडत नाही. शाकाहारी असाल तर कामिनारी-ओकोशी पाहा, आपल्या कुरमुऱ्यांच्या चिक्कीसारखी असते. निंग्योयाकी या सारण भरलेल्या छोट्या केकच्या पिठात अंडं असतं. सेनबेई या तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांत कधी कोळंबी किंवा माशाचा अर्क असतो, विचारूनच घ्या.

होझोमोन दरवाजातून आत गेल्यावर मागे वळा. पाठीमागच्या भिंतीवर गवताच्या ४.५ मीटर लांबीच्या चपला टांगल्या आहेत, यामागाता प्रांतातल्या मुरायामा गावच्या लोकांनी वळलेल्या. सरळ पुढे जाणाऱ्यांना त्या दिसतच नाहीत.

आता दर्शन. क्रम पाळा. आधी हात धुण्याचं कुंड: तिथला नागराजाचा पुतळा शिल्पकार ताकामुरा कोउन यांचा. ओगराळं ठेवलेलं असेल तर उजव्या हाताने पाणी घेऊन डावा हात, मग हात बदलून उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ. ओगराळ्याला तोंड लावायचं नाही, चूळ कुंडात टाकायची नाही. नंतर धुपाचं मोठं पात्र. उदबत्तीची ज्योत फुंकून विझवू नका, हाताने वारा घाला. आणि धूर अंगावर घ्या, दुखऱ्या जागी घेतलेला चांगला असं मानतात.

पायऱ्या चढल्यावर आपला हात सवयीने चपलांकडे जातो. बाहेरच्या भागात त्या काढायच्या नाहीत. तातामी, म्हणजे गवती चटया, अंथरलेल्या आतल्या भागात जाणार असाल तरच काढा. दानपेटीत नाणं हलकेच सोडा, हात जोडा, मान लववा. टाळ्या वाजवू नका. टाळ्या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवस्थानात वाजवतात, आणि ते शेजारीच असल्यामुळे भलेभले गोंधळतात.

मूर्ती शोधत उभे राहू नका, ती दिसत नाही. ६२८ साली सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती आली अशी परंपरा आहे, आणि ती कायम बंदिस्त असते. तिच्यापुढची प्रतिमूर्तीसुद्धा १३ डिसेंबरलाच थोडा वेळ खुली होते. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी. मराठी माणसाने इथे परकेपणाने उभं राहायचं कारण नाही. वास्तू मात्र जुनी नाही: मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालेलं मंदिर १९५८ मध्ये सिमेंट-काँक्रीटचं बांधलं. छतावर कावाबाता र्‍यूशी यांनी रंगवलेला ड्रॅगन आहे.

ओमिकुजी, म्हणजे भविष्याची चिठ्ठी, घ्यायची तर १०० येनचं नाणं आधीच सुटं ठेवा. नाणं टाका, धातूचा डबा हलवून उलटा करा, छिद्रातून एक काडी बाहेर येईल. तिच्यावरचा आकडा जपानी लिपीत असतो. वाचता येत नसेल तर खणांवरच्या खुणांशी ताडून पाहा आणि काडी डब्यात परत टाकून मगच खण उघडा. काडी आधी टाकून आकडा विसरणं हा नेहमीचा घोटाळा. इथे शंभरात तीस चिठ्ठ्या अशुभ असतात, तेव्हा दचकू नका: वाईट निघाली तर शेजारच्या तारेला बांधून टाकायची, चांगली घरी न्यायची.

खरोखर जुनं काही पाहायचं असेल तर मुख्य मंदिराच्या उजवीकडे वळा. असाकुसा जिंजा हे शिंतो देवस्थान १६४९ चं, १९४५ च्या आगीतून वाचलेलं. मूर्ती सापडलेले दोघे भाऊ आणि तिची स्थापना करणारा गावप्रमुख यांना इथे देव मानतात. इथे दोनदा वाका, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाका. जवळचा नितेनमोन दरवाजाही जुनाच.

मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी सांजा उत्सव असतो. पालख्या जाव्यात म्हणून कंदील वर दुमडतात, तेव्हा त्याच्या फोटोसाठी आलेल्यांनी हे दिवस टाळावेत. ९ आणि १० जुलैला केलेलं दर्शन ४६ हजार दिवसांच्या दर्शनाइतकं मानतात आणि आवारात होझुकीच्या, म्हणजे कंदिलासारखी केशरी फळं येणाऱ्या, रोपांचा बाजार भरतो. जुलैत तोक्योत असाल तर गर्दी सोसूनही जा.