अनुभव विचारला की ‘नाही’ म्हणू नका: मुलाखतीत स्वतःबद्दल कसं सांगावं

कॅम्पस मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की आपल्याकडची बरीच मुलं नाव, गाव, शिक्षण सांगतात, ‘मी प्रामाणिक आणि मेहनती आहे’ म्हणतात आणि थांबतात. कामाचा अनुभव? ‘नाही सर.’ रावेर-यावलच्या केळीबागेत दर सुट्टीत राबलेला मुलगा असं म्हणतो. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर मजुरांची हजेरी लिहिणारी मुलगीही तेच म्हणते. याचं फार वाईट वाटतं, कारण समोरच्याला हवं असतं ते नेमकं यांच्याकडे असतं.

पहिलं काम कागदावर करा. दहावीनंतर केलेलं प्रत्येक काम लिहून काढा, पैसे मिळाले असोत वा नसोत. काकांच्या दुकानाची उधारीची वही, कापसाच्या हंगामात जिनिंगवर केलेलं काम, कॉलेजची ‘कमवा आणि शिका’ योजना, एनएसएसच्या शिबिरातली स्वयंपाकाची जबाबदारी, सगळं.

मग प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा: किती दिवस केलं, किती माल किंवा माणसं सांभाळली, पैशांचा व्यवहार तुमच्या हातात होता का, आणि कुठली अडचण तुम्ही सोडवली. इथे घाई करू नका, एक अख्खी संध्याकाळ द्या. चौथी गोष्ट आठवायला वेळ लागतो आणि मुलाखतीत तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

आता जाहिरात वाचा. जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिलला स्टोअरसाठी माणूस हवा असेल, तर त्यांना आवक-जावक चोख लिहिणारा हवा. तुमचे दोनच गुण निवडा आणि दोन्हींना कागदावरचा पुरावा जोडा. पुरावा नसलेला गुण सांगूच नका.

बोलणं साधारण असं व्हावं:

‘मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव यावल तालुक्यात, घरी केळी आहे. गेले दोन हंगाम माल भरताना काट्यावर मी असतो. वजन लिहितो, व्यापाऱ्याच्या पावतीशी ताळा करतो. एकदा दीड क्विंटलचा फरक आला, तेव्हा वहीतल्या नोंदी दाखवून तो तिथेच मिटवला. टॅलीत बिलं करता येतात. जीएसटी रिटर्न अजून भरलेलं नाही, ते शिकायचं आहे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. येत नाही ते आधीच सांगितलं की बाकीच्यावर विश्वास बसतो.

हे पाठ करू नका, पाठ केलेलं लगेच कळतं. मुद्दे लक्षात ठेवून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. दीड मिनिटाच्या पुढे गेलं तर शाळेची माहिती कमी करा.

भाषेचा संकोच तर मुळीच नको. बोलण्यात अहिराणीचा हेल आला तर येऊ द्या. ठिबकची विक्री असो की बँकेची गावोगावची वसुली, शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलणारा माणूस कंपनीला हवाच असतो. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलांनी भिली, पावरी येत असल्याचं आवर्जून सांगावं आणि बायोडेटातही भाषांच्या रकान्यात लिहावं.

ज्यांच्याकडे काम केलं, त्या दुकानदाराला किंवा जिनिंगच्या मुनीमजींना आधी विचारून त्यांचा नंबर जवळ ठेवा. ‘तुमच्या कामाबद्दल कोणाला विचारू?’ असं कुणी म्हटलं, तर तो लगेच देता आला पाहिजे.