डोके-मानेचा कर्करोग आणि रक्त-लाळेच्या चाचण्या: या चुका टाळा

बायोप्सी नको म्हणून रक्ताची किंवा लाळेची चाचणी करायची आणि ती निगेटिव्ह आली की निर्धास्त व्हायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तीन आठवड्यांत न भरलेला तोंडातला व्रण, मानेत टिकून राहिलेली गाठ किंवा बसलेला आवाज यांचं निदान आजही डॉक्टरांची तपासणी आणि गरज पडल्यास बायोप्सीच करते. गाठ लहान असताना रक्तात उतरणारा तिचा डीएनए इतका थोडा असतो की तो चाचणीच्या हाती लागेलच असं नाही.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारे बरेच कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतात. अशा गाठीतून विषाणूचा डीएनए रक्तात येतो, आणि उपचारानंतर तो मोजून आजारावर नजर ठेवता येते. तंबाखूमुळे झालेल्या गालाच्या कर्करोगात मात्र सहसा हा विषाणूच नसतो. तिथे आजार परतला तरी रिपोर्ट निगेटिव्हच येणार! म्हणून उपचार सुरू होण्याआधीचा नमुना हवाच. तो पॉझिटिव्ह असेल तरच नंतरच्या निगेटिव्हला किंमत. चाचणी फक्त एचपीव्ही १६ शोधते की ३३, ३५ हे प्रकारही, तेही विचारून घ्या.

आता उलटी बाजू. एकच पॉझिटिव्ह रिपोर्ट पाहून हातपाय गाळू नका. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एचपीव्हीशी संबंधित घशाच्या कर्करोगाच्या ११५ रुग्णांवर उपचारांनंतर लक्ष ठेवलं होतं. २८ जणांचं रक्त कधी ना कधी पॉझिटिव्ह आलं, पण आजार परतला तो १५ जणांत. लागोपाठ दोनदा पॉझिटिव्ह आलेले १६ होते. हे पंधराही जण त्यांच्यातलेच. हाँगकाँगमध्ये नाकामागच्या घशाच्या कर्करोगासाठी ईबीव्ही विषाणूचा डीएनए तपासला, तेव्हाही हेच दिसलं. लक्षणं नसलेल्या २०,१७४ पुरुषांपैकी पहिल्या फेरीत १,११२ पॉझिटिव्ह आले, सुमारे चार आठवड्यांनी पुन्हा तपासल्यावर ३०९ उरले, आणि कर्करोग निघाला ३४ जणांना. थांबून पुन्हा तपासणं हा इथे चाचणीचाच भाग आहे.

आकडा लक्षणांशी जुळत नसेल तर आधी नमुन्यावर संशय घ्या. एससीसी अँटिजेन हे कर्करोगावर नजर ठेवण्यासाठी रक्तात मोजलं जाणारं प्रथिन त्वचेत आणि लाळेतही असतं, त्यामुळे नमुना उघडा हाताळला तर आकडा फुगतो. सोरायसिस आणि मूत्रपिंडाच्या आजारातही तो वाढतो. लाळेतलं आयएल-८ हे सुजेशी संबंधित प्रथिन हिरड्यांच्या सुजेनेही चढतं. त्यामुळे कर्करोगाचा अर्थ लावण्याआधी हिरड्या बघा. लाळ देण्यापूर्वी निदान तासभर खाणं, धूम्रपान, दात घासणं टाळावं आणि नमुना बर्फावर ठेवावा.

रक्तातला डीएनए मोजायचा असेल तर सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) नको, प्लाझ्मा (न गोठू दिलेल्या रक्तातला द्रव) हवा. रक्त गोठताना पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएच्या गर्दीत गाठीचा डीएनए हरवतो. टीपी५३ या कर्करोगात अनेकदा बदलणाऱ्या जनुकातला बदल सापडला तर तो या पांढऱ्या पेशींमधलाच नाही ना, हेही पडताळावं लागतं. वाढत्या वयात तसं होतं. शस्त्रक्रियेनंतर लगेच घेतलेला नमुनाही असाच गोंधळ घालतो, कारण जखमी ऊतींचा डीएनए काही आठवडे रक्तात येत राहतो.

आणि मध्येच लॅब बदलली असेल, तर जुन्या-नव्या आकड्यांची थेट तुलना करू नका. नव्या लॅबमध्ये आलेला पहिला आकडा नवी सुरुवात म्हणूनच धरा.