शहरातलं नॅशनल पार्क आणि साठीनंतरचे गुडघे

नॅशनल पार्क शहराला लागूनच असलं की आपण ते हलक्यात घेतो, हॉटेलमधून निघालो की अर्ध्या तासात गेटवर, म्हणून मग बागेत फिरायला जावं तसे चपला घालून आणि पाण्याची एक छोटी बाटली घेऊन निघतो. पण आत जंगलच असतं हो. नैरोबीचं पार्क ११७ चौरस किलोमीटरचं आहे, मागे उंच बिल्डिंगा दिसतात आणि समोर गवतात सिंह. बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानात बिबटे आहेत. आणि केपटाऊनचं टेबल माउंटन शहराच्या अगदी डोक्यावर, पण उंची १०८५ मीटर, म्हणजे खाली घाम येत असला तरी वर सहा-सात डिग्री थंड आणि वरून वारा, स्वेटर लागतोच.

माझं पहिलं सांगणं, आधी परत कसं यायचं ते ठरवा आणि मग कुठे जायचं ते. गेटवर विचारायला अजिबात लाजू नका, आतली गाडी कुठपर्यंत जाते, परतीची शेवटची कधी, टॉयलेट कुठे कुठे आहेत, बसायला बाक आहेत का. आणि गाडी जिथे सोडते तिथून पुढे काय आहे हे तर नक्कीच विचारा. बोरिवलीलाच बघा, कान्हेरीच्या पायथ्यापर्यंत वाहनाने जाता येतं, पण लेणी शंभराच्या वर आहेत, सगळी डोंगरभर पसरलेली, आणि तिथे कातळात कोरलेल्या पायऱ्याच चढायच्या. खालची मोठी चैत्यगृहाची लेणी बघून परत फिरलात तरी काही कमी पडत नाही. टेबल माउंटनची केबल कार जोराचा वारा सुटला की बंद ठेवतात, म्हणून ती चालू आहे का हे सकाळी निघायच्या आधीच बघायचं, आणि वर असताना हवा बदलतेय असं वाटलं तर फोटो राहूदेत, सरळ स्टेशनकडे चालायला लागा.

पाटीवरच्या किलोमीटरवर जाऊ नका. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मधे एक हिशोब मांडला होता, साधारण पाच किलोमीटरला एक तास आणि वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. तो धडधाकट माणसाचा हिशोब, आपण सरळ दुप्पट धरायचा. म्हणजे तीन किलोमीटर आणि दीडशे मीटर चढ असेल तर पाटी बघून पाऊण तास वाटतो पण आपल्याला जवळजवळ पावणेदोन तास, त्यात बसणं वेगळंच. आणि अर्धा दम संपला की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, "आता आलोच आहोत तर" हे वाक्य सोबतच्या कोणी म्हटलं तरी ऐकायचं नाही.

उतार चढापेक्षा वाईट. चढताना धाप लागते ती बसलं की जाते, पण गुडघ्यांवर भार येतो तो उतरताना, आणि पायही तेव्हाच घसरतो. काठी घ्याच, दोन असतील तर उत्तम, उतरताना थोडी लांब करून घ्यायची. अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्म्यातून खाली बघितलं की पायरी धूसर दिसते, कारण खालचा भाग वाचायचा असतो. फक्त लांबचा साधा चष्मा असेल तर तो घालून उतरा, फरक लगेच कळतो. कानाचं मशीन वापरत असाल तर सायकलवाले जातात त्या रस्त्यावर कडेने चाला, मागून आलेलं कळत नाही.

पाण्याचं मात्र मनावर घ्या. वय झालं की तहान कमी लागते, शरीराला पाणी हवं असतं पण सांगत नाही, म्हणून घड्याळ बघून दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार घोट. लघवी होण्याची गोळी किंवा बीपीची औषधं चालू असतील तर उन्हात चक्कर येऊ शकते, जायच्या आधी डॉक्टरांशी बोला, गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. टॉयलेट लांब म्हणून पाणीच न पिणं हे तर आपल्यातल्या बऱ्याच बायका करतात, कृपा करून करू नका, त्यापेक्षा टॉयलेटजवळचाच रस्ता निवडा.

खायचं हातात धरून चालू नका, माकडं असतील तर ओढतात आणि त्या झटापटीत माणूस पडतो. फोनची रेंज दरीत जाते, तेव्हा कुठल्या वाटेने चाललोय हे आधीच घरी किंवा हॉटेलवर सांगून ठेवा. अंधार पडायच्या बरंच आधी बाहेर, बिबट्याच्या जंगलात तर नक्कीच.

आणि सगळं बघायचं हा हट्ट सोडून एक करा, सकाळी लवकर जाऊन पाण्याजवळचा एक बाक धरा आणि तासभर गप्प बसा. पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही, मग खंड्या येतो, मग समोरच्या फांदीवर आधीपासूनच कोणीतरी बसलेलं होतं हे कळतं. भरभर चालणारी पोरं तिथून तीनदा गेलेली असतात.