घरातल्या ॲटलस प्रोबमधून अनोळखी डीएनएस क्वेरी? या चुका टाळा

रात्रीचे २ वाजून १० मिनिटं. घरात सगळे झोपलेले, टीव्ही बंद, मोबाइल चार्जिंगला. सकाळी पाय-होलचा (घरातल्या उपकरणांच्या डीएनएस क्वेरी स्वतःकडे घेऊन जाहिराती गाळणारं सॉफ्टवेअर) लॉग चाळताना दिसतं, की नेमक्या त्या वेळी कुणीतरी एका परदेशी बातम्यांच्या साइटचा पत्ता विचारलाय, म्हणजेच डीएनएस क्वेरी केलीय. त्या साइटची भाषाही घरात कुणाला वाचता येत नाही. त्याखालच्या ओळीत आणखी एक नाव, सुरुवातीलाच भलेमोठे आकडे असलेलं. विचारणारं उपकरण कोणतं? राउटरशेजारी ठेवलेला, तळहातावर मावणारा राइप ॲटलसचा प्रोब, म्हणजे इंटरनेटची मोजणी करणारं यंत्र.

हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी आधी प्रोबची वायर काढली, मग घरातल्या सगळ्यांच्या वायफायचा पासवर्ड बदलला आणि रविवारचा अर्धा दिवस राउटर नव्याने लावण्यात घालवला. यातलं काहीच करायची गरज नव्हती. पुण्यात माझ्या ओळखीच्या तिघांकडे असे प्रोब आहेत आणि तिघांनीही कधी ना कधी हेच केलंय. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी थोडक्यात ओळख. राइप ॲटलस २०१० मध्ये सुरू झालं. ॲमस्टरडॅमची राइप एनसीसी ही संस्था ते चालवते. आयपी पत्त्यांच्या वाटपात तिचं क्षेत्र युरोप, पश्चिम आशिया आणि मध्य आशियाचा काही भाग एवढंच आहे, आपल्याकडे ते काम एपनिककडे असतं. ॲटलसचे प्रोब मात्र जगभर आहेत, भारतातही. स्वयंसेवक ते घरी लावतात आणि प्रोब तिथून पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ), ट्रेसराउट (वाटेतले टप्पे), डीएनएस, टीएलएस (साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र), एनटीपी (घड्याळाची वेळ) अशा मोजण्या करत राहतो. प्रोब चालू ठेवला की तुमच्या खात्यात क्रेडिट जमा होतात आणि ते खर्चून तुम्ही इतरांच्या प्रोबवरून मोजणी करू शकता. तसंच इतर लोक तुमच्या प्रोबवरून करतात. त्या अनोळखी नावांचं मूळ इथेच आहे.

चूक पहिली: नाव विचित्र म्हणजे व्हायरस, असं धरून चालणं

प्रोबच्या क्वेरी चार वाटांनी येतात. त्या ओळखता आल्या की निम्मी भीती जाते.

एक, कुणीतरी मुद्दाम लावलेली डीएनएस मोजणी. मोजणी लावणारा ‘प्रोबच्या स्वतःच्या रिझॉल्व्हरला विचार’ असा पर्याय निवडू शकतो. रिझॉल्व्हर म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा सर्व्हर. मग प्रोब डीएचसीपीने (राउटर उपकरणांना पत्ते वाटतो ती सोय) मिळालेल्या रिझॉल्व्हरला, म्हणजे तुमच्या पाय-होलला, ते नाव विचारतो. एखाद्या देशात एखादी साइट अडवली जाते का, हे पाहणारा संशोधक असंच करतो.

दुसरी वाट फसवी आहे. मोजणी पिंगची किंवा टीएलएस प्रमाणपत्राची असते, पण लक्ष्य म्हणून आयपीऐवजी नाव दिलेलं असतं आणि ते प्रोबवरच सोडवायचं ठरवलेलं असतं. अशा वेळी मोजणीच्या यादीत ‘डीएनएस’ शोधत बसलात तर काही सापडणार नाही, कारण क्वेरी फक्त वाटेतली पायरी असते.

तिसरी वाट प्रोबच्या अंगभूत मोजण्यांची. यात ‘टोपोलॉजी४.डिनडीएनएस.ॲटलस.राइप.नेट’ हे नाव वारंवार दिसेल. त्याचं उत्तर सतत बदलतं, कारण दर वेळी इंटरनेटच्या वेगळ्या कोपऱ्यात ट्रेसराउट करण्यासाठीच ते बनवलंय. सुरक्षेच्या साधनांना मात्र असं सतत पत्ता बदलणारं नाव बॉटनेटसारखं (हॅक केलेल्या यंत्रांच्या जाळ्यासारखं) दिसतं आणि ती लाल खूण करतात. त्या लाल खुणेला घाबरू नका.

चौथी वाट सर्वांत जास्त घाबरवते. प्रोबला आपल्या कंट्रोलरशी (त्याला कामं देणाऱ्या ॲटलसच्या सर्व्हरशी) जोडता आलं नाही की तो ‘एसओएस.ॲटलस.राइप.नेट’ या शेपटीची लांबलचक नावं विचारतो. स्वतःची ओळख आणि आपण किती वेळ चालू आहोत ही माहिती तो त्या नावातच भरतो, कारण बाकी वाटा बंद असल्या तरी डीएनएस बहुधा चालू असतं. पाहणाऱ्याला वाटतं, डीएनएसमधून चोरून माहिती बाहेर चाललीय. तंत्र तेच आहे, हे खरं. पण बाहेर जातो तो फक्त प्रोबचा मदतीचा निरोप. अशा ओळी वाढल्या तर मालवेअर शोधू नका, फायरवॉल तपासा: बाहेर जाणारा टीसीपी ४४३ पोर्ट प्रोबसाठी मोकळा आहे का? कंट्रोलरशी त्याचं बोलणं याच पोर्टवरून एसएसएच या सुरक्षित जोडणीने होतं.

आता ते आकडे. मोजणी लावणाऱ्याने तसं निवडलं असेल तर प्रोब नावाच्या आधी स्वतःचा क्रमांक आणि वेळेचा शिक्का जोडतो. त्यामुळे प्रत्येक क्वेरी नवीन ठरते, रिझॉल्व्हरच्या कॅशेतून (साठवलेल्या जुन्या उत्तरांतून) उत्तर येत नाही आणि ती थेट त्या डोमेनच्या मूळ सर्व्हरपर्यंत पोचते. शिक्का वाचायला सोपा असतो, तो १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांचा आकडा असतो. समजा नावात १७००००००००० दिसतंय असं वाटलं, तर आधी अंक मोजा, ते दहाच हवेत. १७०००००००० म्हणजे १४ नोव्हेंबर २०२३, यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेनुसार) २२:१३:२०. त्याच्या शेजारचा आकडा तुमच्या प्रोबच्या क्रमांकाशी जुळला की प्रश्न तिथेच मिटला.

चूक दुसरी: वेळ जुळवताना साडेपाच तास विसरणं

ॲटलसच्या साइटवर तुमच्या प्रोबचं पान असतं आणि तो कोणकोणत्या मोजण्यांत भाग घेतोय, हे तिथे दिसतं. क्वेरी कुणाची, हे शोधायची जागा हीच. पण तिथली वेळ यूटीसी असते आणि पाय-होलची भारतीय. रात्री २:१० ला दिसलेली क्वेरी तिथे आदल्या दिवशी २०:४० ला सापडेल. मी पहिल्या वेळी चुकीच्या तारखेचीच यादी पाहत होतो आणि ‘यात तर काहीच नाही’ म्हणून जास्तच घाबरलो.

नेमकी वेळ जुळली नाही तर अंतर पाहा. अंगभूत पिंग दर २४० सेकंदांनी होतात, ट्रेसराउट दर १,८०० सेकंदांनी. एखादं नाव घड्याळ लावल्यासारखं चार-चार मिनिटांनी येत असेल, तर ती मोजणी असण्याचीच शक्यता जास्त.

चूक तिसरी: क्वेरी प्रोबचीच आहे, याची खात्री न करणं

पाय-होल आयपी पाहून नाव लावतो. डीएचसीपीने गेल्या महिन्यात प्रोबला दिलेला पत्ता आज पाहुण्यांच्या फोनकडे गेला असेल, तर दोष चुकीच्या उपकरणावर जातो. राउटरमध्ये प्रोबच्या मॅक पत्त्याला (उपकरणाच्या स्वतःच्या क्रमांकाला) कायमचा आयपी बांधून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

बऱ्याच घरांत राउटर स्वतःच सगळ्यांच्या क्वेरी गोळा करून पाय-होलकडे पाठवतो. मग लॉगमध्ये क्लायंट एकच दिसतो: राउटर. अशा लॉगवरून कुणावरही ठपका ठेवता येत नाही. डीएचसीपीमधून उपकरणांना थेट पाय-होलचा पत्ता मिळेल, अशी सोय करा. आणि सॉफ्टवेअर प्रोब (यंत्राऐवजी प्रोग्रॅम म्हणून चालणारा) पाय-होलच्याच रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बसवला असेल, तर त्याच्या क्वेरी लोकलहोस्टच्या, म्हणजे त्याच संगणकाच्या, नावावर पडतात. ‘माझा पाय-होलच हॅक झालाय’ असं घाबरून सांगणाऱ्या एका मित्राच्या घरी हेच निघालं.

चूक चौथी, आणि सर्वांत नुकसान करणारी: पोर्ट ५३ वळवणं

आतापर्यंतच्या चुकांचा त्रास फक्त आपल्याला होता. या चुकीचा त्रास आपल्याला जाणवतही नाही, तो दुसऱ्यांना होतो. म्हणून यावर जास्त लिहितो.

स्मार्ट टीव्हीसारखी काही उपकरणं पाय-होलला बगल देऊन स्वतःच ठरवलेल्या बाहेरच्या डीएनएसला विचारतात. त्यावर उपाय म्हणून बरेच जण राउटरमध्ये एक नियम लावतात: घरातून बाहेर जाणारं पोर्ट ५३ चं, म्हणजे डीएनएसचं, सगळं ट्रॅफिक गुपचूप पाय-होलकडे वळवायचं. टीव्हीसाठी हे ठीक आहे. पण प्रोबचं एक मुख्य काम म्हणजे ए ते एम या तेराही रूट सर्व्हरना (डीएनएसच्या सर्वांत वरच्या पायरीवरच्या सर्व्हरना) थेट प्रश्न विचारणं. तो रूट झोनची एसओए नोंद (त्यांच्याकडची यादी कोणत्या आवृत्तीची, हे सांगणारी) विचारतो, शिवाय ‘होस्टनेम.बाइंड’, ‘व्हर्जन.बाइंड’ असे खास प्रश्न विचारतो. एकाच रूट सर्व्हरच्या प्रती जगभर असतात. आपल्याला त्यातली कोणती प्रत उत्तर देतेय आणि त्या सर्व्हरवर कोणतं सॉफ्टवेअर चालतंय, हे त्यातून कळतं.

हे प्रश्न पाय-होलकडे जात नाहीत, म्हणून त्याच्या लॉगमध्ये दिसत नाहीत. राउटरच्या लॉगमध्ये मात्र दिसतात: अनोळखी परदेशी पत्ते, पोर्ट ५३, दिवसरात्र. पाहणारा म्हणतो, ‘पाहा, हा लपून बाहेर विचारतोय’, आणि वळवण्याचा नियम लावतो.

त्यानंतर काय होतं, ते मी एका ओळखीच्या घरच्या प्रोबच्या निकालांत पाहिलंय. के-रूट हा राइप एनसीसीच चालवते. त्याला विचारलेल्या ‘व्हर्जन.बाइंड’चं उत्तर काय आलं होतं, तर ‘डीएनएसमास्क-पाय-होल’ आणि पुढे आवृत्तीचा आकडा. रूट सर्व्हरच्या नावावर घरातल्या रास्पबेरी पायने उत्तर दिलं होतं! तेराही सर्व्हरकडून तेच उत्तर, तेही मिलिसेकंदभरात. हा निकाल जगात कुठेही बसलेला संशोधक वाचतो, तेव्हा त्याला दिसतं की भारतातली अमुक इंटरनेट कंपनी ग्राहकांचं डीएनएस मध्येच अडवतेय. कंपनीने काहीच केलेलं नसतं. प्रोब बंद असेल तर संशोधकाला निदान ‘उत्तर नाही’ एवढं खरं कळतं. वळवलेला प्रोब खोटं उत्तर देतो आणि ते खरंच वाटतं.

ब्लॉकलिस्टचंही तसंच. पाय-होलने अडवलेल्या नावाला ०.०.०.० असं उत्तर जातं. सेन्सॉरशिप मोजणाऱ्याला तुमची जाहिरात-गाळणी आणि सरकारी बंदी यांतला फरक कसा कळणार?

उपाय सोपा आहे, घरातलं गाळणं बंद करायची गरज नाही. वळवण्याच्या नियमातून प्रोबचा आयपी वगळा. पाय-होलच्या पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, उपकरणांचे गट करता येतात. प्रोबसाठी वेगळा गट करा आणि त्याला एकही ब्लॉकलिस्ट जोडू नका. किंवा डीएचसीपीमधून फक्त प्रोबला तुमच्या इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर द्या. माझ्या घरी मी हाच मार्ग वापरतो. एकदा केलं की पाय-होलचा लॉगही स्वच्छ राहतो.

नंतर प्रोबच्या पानावरचे सिस्टिम टॅग पाहा. ‘ए नोंदी (नावांचे आयपी पत्ते) बरोबर सोडवतो’ हा टॅग असेल तर ठीक. ‘रिझॉल्व्हर अक्षरांची केस बदलतो’ असा टॅग दिसला, तर मधलं काहीतरी अजून क्वेरीत हात घालतंय.

लॉग जसाच्या तसा जगाला दाखवणं

मदत मागताना लोक अख्खा लॉग चिकटवतात. त्यात आईच्या दवाखान्याची साइट असते, मुलाच्या शाळेचं पोर्टल असतं, बँक असते. फक्त प्रोबच्या ओळी गाळून घ्या आणि मॅक पत्ता झाका.

घरच्यांना काय सांगायचं?

घरातल्यांचा प्रश्न रास्त असतो: हे यंत्र आपलं सगळं बघतं का? प्रोब स्वतः मोजणी करतो, घरातल्या इतरांचं ट्रॅफिक ऐकत नाही. बाहेरून कुणी जोडून आत येईल, अशी सेवाही त्यावर चालू नसते. सर्वसाधारण वेबसाइटवर एचटीटीपी मोजणी कुणालाही लावता येत नाही, ती फक्त ॲटलसच्या स्वतःच्या अँकर सर्व्हरपुरती ठेवलीय. म्हणजे तुमच्या आयपीवरून कुणी नको ती पानं उघडू शकत नाही. पण नको त्या नावाचा पत्ता विचारला जाऊ शकतो, हेही घरच्यांपासून लपवू नका. एखादं नाव खरंच खटकलं, तर प्रोबच्या पानावरून मोजणीचा क्रमांक घ्या आणि तो देऊन ॲटलसच्या टीमला कळवा. आणि मनाला पटत नसेल तर प्रोब काढून ठेवा, त्यात काही गैर नाही. प्रोबला गेस्ट नेटवर्कवर किंवा वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच नेटवर्कच्या स्वतंत्र भागात) ठेवणं हा मधला मार्ग मला सर्वांत चांगला वाटतो. बाकी घर वेगळं राहतं, मोजणीही खरी राहते.

एक शेवटचं, कारण लोक याची गल्लत क्वेरींशी करतात. टीपी-लिंकच्या छोट्या राउटरवर बनवलेल्या तिसऱ्या पिढीच्या प्रोबमध्ये एक यूएसबी स्टिक असते. वारंवार वीज गेली की ती बिघडते आणि प्रोब जोडला जात नाही. तेव्हा स्टिक काढा, प्रोब तिच्याशिवाय सुरू करा, दहा मिनिटं थांबा, मग स्टिक परत लावा.